ओर्मोनचा मेंढवाडा

किर्गिझस्तानातल्या बिश्केकच्या एका होस्टिंग कंपनीत बेगाय नावाची बाई कामाला होती. सर्व्हरवर कुणी किती जागा व्यापली यावर नजर ठेवणं, हे तिचं काम. कितीतरी गिऱ्हाइकांच्या वेबसाइट, फोटो, मेल एकाच डिस्कवर दाटीवाटीने नांदत असतात. एकाने हातपाय पसरले की बाकीच्यांचा जीव गुदमरतो. पसरणारा शोधायचा, त्याला फोन करायचा, कचरा काढायला लावायचा. त्या दिवशी सकाळी ती चहात बोरसोक, म्हणजे तळलेल्या पिठाचे गोळे, बुडवून खात होती, तेवढ्यात पडद्यावर लाल पट्टी आली. डिस्क गच्च भरली होती. गिऱ्हाइकांची मेल अडली, फोन खणाणू लागले.

सगळी जागा गिळली होती कोचकोर गावाकडच्या ओर्मोन मेंढपाळाच्या खात्याने. मेंढ्या विण्याच्या दिवसांत घरबसल्या लक्ष राहावं म्हणून त्याने मेंढवाड्यात कॅमेरा लावला होता, आणि त्याचे फोटो आपोआप इथे येऊन साठत. पण वसंतात कळपात रोग शिरला, जनावरं पुरावी लागली, वाडा बंद पडला. आता तर सफरचंदं उतरवायचे दिवस आले होते. मग फोटो येत होते कुठून?

बेगायने एक उघडला. नुसता काळोख. दुसऱ्यात ओली लोकर, कातडीवरून गोळा होऊन घसरलेली. तिसऱ्यात फुगून तडकलेलं पोट, आणि त्या फटीत अळ्यांचा बुजबुजाट. पुढच्या फोटोत फट आणखी रुंदावली होती. तोंडातला बोरसोक तिला एकाएकी खवट चरबीसारखा लागला. तिने तो रुमालात थुंकला.

"काय मेलंय गं इथे?" तिचा साहेब, कुबात त्याचं नाव, नाक दाबून दारातूनच ओरडला. "खिडकी तरी उघड!"

"उघडीच आहे, बायके," ती म्हणाली. वडीलधाऱ्या पुरुषाला तिकडे 'बायके', म्हणजे दादा, म्हणतात.

तिने ओर्मोनचे सगळे फोटो पुसून टाकले. फोटो गेले, जागा मात्र मोकळी होईना. त्यांच्या धंद्यात याचा एकच अर्थ असतो : पुसलेलं कुणीतरी अजून उघडून, धरून बसलंय. कोण, ते तिने शोधलं. नावाची जागा कोरी होती. तेवढ्यात नवे फोटो यायला लागले, आधीच्यापेक्षा जड.

तिने ओर्मोनला फोन लावला.

"ओर्मोन बायके, तुमचा कॅमेरा चालू आहे."

"थट्टा करतेस काय, पोरी? कॅमेरा मी खड्ड्यात टाकला. वाड्यातलं काही ठेवू नका म्हणाला होता गुरांचा डॉक्टर. मेंढ्यांबरोबरच गाडला. वर चुना, वर माती."

"मग हे फोटो... खड्ड्यातलेच आहेत."

मग त्याचा आवाज अगदी बारीक झाला.

"काय दिसतंय?"

"सडलेल्या मेंढ्या. आणि... एक डोळा. उघडा."

"कपाळ पांढरं आहे तिचं?"

"हो."

"ती उभी होती गं," ओर्मोन कसाबसा म्हणाला. "माती लोटली तेव्हा उभीच होती. आणखीही होत्या... डॉक्टरला परतायची घाई. मला वाटलं, आज ना उद्या मरायच्याच आहेत..."

बेगायने फोन कानापासून लांब धरला. त्या मेंढ्यांमुळे की त्या माणसामुळे, ते तिला सांगता आलं नसतं.

"मी उकरतो," तो म्हणाला.

"आता? बायके, काय उरलं असेल तिथे..."

फोन बंद झाला होता.

दुपार टळली. फोटोंतला काळोख फिकट होत गेला. एकात फावड्याचं पातं दिसलं. मग आभाळाचा तुकडा, आणि खड्ड्यात वाकून बघणारा, नाकाला फडकं बांधलेला ओर्मोन. फोन वाजला.

"काही नाही गं इथे. हाडसुद्धा नाही. नुसती लोकर. ओली... आणि गरम."

तेवढ्यात पुढचा फोटो आला. काठावर ओर्मोन, कानाला फोन. त्याच्या पाठीशी, अगदी खेटून, अख्खा कळप उभा. कातडी मांसापासून सुटून पोटांखाली लोंबत होती. पांढऱ्या कपाळाच्या मेंढीचं तोंड त्याच्या खांद्याशी पोचलं होतं.

"बायके... मागे बघू नका. सरळ गाडीकडे चाला."

"का? कोण आहे मा..."

कानाशी फक्त चावण्याचा आवाज, ओला, संथ, एका वेळी कितीतरी तोंडांचा.

त्याच क्षणी लाल पट्टी मावळली. फोटो थांबले, डिस्क मोकळी झाली. "सुटलो एकदाचे!" म्हणत कुबात चहा सांगायला गेला.

बेगायने ओर्मोनला पुन्हा पुन्हा फोन केले. बऱ्याच दिवसांनी त्याच्या बायकोने, झूराने, उचलला. तो त्याच संध्याकाळी आपल्या पायांनी घरी आला होता. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता.

"मग फोनवर बोलत का नाहीत ते?"

"बोलत नाही, ताई. जेवतही नाही," झूरा म्हणाली. "पण तोंड दिवसभर रवंथ केल्यासारखं हलत असतं. मी रोज बोटं घालून काढते... ओली लोकर. रोज काढते. आणि वळून बघावं, तर तोंड परत चालू."