कॅम्पावरची भट्टी

अनगोळच्या तालमीमागं पोरांनी शेकोटी पेटवली होती. एकानं चिप्सचं रिकामं पाकीट तिच्यात टाकलं, तसे भावकू आप्पा कट्ट्यावरून खेकसले, "काड ते भाईर. त्यो वास आला की मला आमच्या साडूचा रवळू आठवतोय." पोरांनी पाकीट काठीनं ओढून काढलं. मग आप्पांनी सांगायला सुरुवात केली. रात्र गेल्या वर्षीच्या वेळ अमावस्येची, शेतपूजेच्या सणाची.

रवळू आयटीआय झालेला, खानापूरकडचा. त्याच्या कंपनीनं त्याला एक साधं काम सांगितलं होतं. चाकांवरची भट्टी जीपमागं जोडून गुंजीच्या पुढं रानात न्यायची आणि तिथंच राहून चालवायची. रानात विजेचे मनोरे उभारणाऱ्यांचा कॅम्प होता. जंगलात कचरा टाकायचा नाही अशी सरकारी अट, म्हणून ही कचरा जाळायची डिझेलची भट्टी. वरच्या अंगाला कडीचं दार, खाली राखेचा ट्रे. बाजूवर हिरव्या रंगात लिहिलेलं : 'शून्य कचरा कॅम्प'.

शून्य कसला. साहेब लोकांच्या तंबूंतून अर्धवट खाल्लेल्या बिर्याणीचे डबे, कोंबडीची हाडं, बाटल्या आणि गुटख्याच्या पिचकाऱ्यांनी भरलेले कप रोज एकाच पिशवीत येत. ओला-सुका वेगळा करा असा फलक लावणारेही हेच. अळ्या वळवळणाऱ्या पिशव्या रवळू हातानं फोडायचा. तो वास केसांत बसला, भाकरीत उतरला. मजुरांच्या झोपड्या वाऱ्याच्या खालच्या अंगाला, त्यामुळं धूर थेट त्यांच्या चुलीवर. साहेबांच्या तंबूंकडं तो कधी वळला नाही.

खड्डे खणणाऱ्या टोळीत निपाणीकडची करिष्मा आणि तिचा नवरा होता. तिला सातवा महिना. एका संध्याकाळी कळा सुरू झाल्या आणि जीपची शोधाशोध झाली. कॅम्पावरची एकुलती एक जीप साहेबांच्या जेवणाला मटण आणायला खानापूरला गेली होती. ती परत येईस्तोवर सगळं झालं होतं. मूल रडलंच नाही. मटणाच्या पिशव्या उतरवल्या आणि त्याच जीपमधून करिष्माला दवाखान्यात नेलं. नवरा सोबत गेला. मागं राहिलं टॉवेलात गुंडाळलेलं गाठोडं.

कॅम्पचा मॅनेजर दिग्विजय. त्यानं रवळूला भट्टी पेटवायला सांगितलं.

"साहेब, एवढ्याशा जिवाला जाळत न्हाईत. पुरत्यात."

"फॉरेस्टची जागा आहे. खड्डा खणायला परवानगी नाही."

ज्यानं अख्ख्या डोंगराची चाळण केली होती, तो हे बोलत होता. रवळूला कळत होतं. पुरलं असतं तर चौकशी आली असती, आणि चौकशीत जीप कुठं होती ते निघालं असतं. भट्टीत सकाळच्या पिशव्या तशाच होत्या. त्या बाहेर काढायलाही दिग्विजयनं वेळ दिला नाही.

रवळूनं बटण दाबलं.

त्यानंतर त्यानं भट्टी पेटवली नाही. नळी तुंबलीय म्हणून सांगत राहिला. कचऱ्याचा ढीग वाढला, कुजला, त्यातून काळं पाणी वाहायला लागलं.

वेळ अमावस्येला कानडी भागातले मजूर शेतपूजेला गावी गेले. साहेब लोकही बेळगावला. कॅम्प ओस. संध्याकाळी बेळगावहून दिग्विजयचा फोन आला. उद्या पाहणीला लोक येतायत, उजाडायच्या आत सगळा ढीग जाळ, आणि राख उकरून ओढ्यात टाक.

दहाच्या सुमाराला करिष्मा आली. दुपारीच दवाखान्यातून सुटली होती. नवरा झोपडीत. तिच्या हातात झाकलेली वाटी.

"अण्णा, माझं लेकरू कुठं पुरलासा, दावा."

रवळूनं मागच्या जांभळीकडं बोट केलं. ती तिथं गेली, खाली बसली. दवाखान्यात औषध दिलं होतं, पण दूध काही थांबत नव्हतं.

"त्येचं हाय," ती म्हणाली. "त्येलाच देत्ये."

तिनं वाटी ओतली.

तिथली माती तांबडी, कोरडी. पाणी पडलं की गटकन पिणारी. दूध वरच राहिलं. प्लास्टिकवर सांडल्यागत. बॅटरीच्या उजेडात पांढरं… तसंच.

दोघं बघत राहिली.

"हितं न्हाय ते, अण्णा."

तिनं रिकामी वाटी उचलली. मग गेली.

तो भट्टीजवळ आला. डिझेल भरलं. बटणावर बोट ठेवलं… आणि ढिगाची घाण थांबली. एकदम. नाकात काहीच नाही. रातकिडेही गप्प.

मग आवाज.

चुट… चुट…

आधी वाटलं, डिझेल ठिबकतंय. वाकून बघितलं. नळी कोरडी होती.

चुट… चुट… चुट…

आवाज भट्टीतून येत होता. दाराला कडी होती. त्यानं पत्र्याला कान लावला. आत कुणीतरी ओढून पीत होतं. सावकाश. भुकेलं.

थांबलं.

आणि मग एक उचकी. इवलीशी…

रवळू रात्रभर तिथंच बसून राहिला. बटण दाबलं नाही.

झुंजुमुंजू झालं तसा तो झोपडीवर गेला आणि दारातच सगळं सांगून टाकलं. टॉवेल, पिशव्या, बटण. करिष्मानं शिवी दिली नाही. नवऱ्यानं फावडं उचललं. रवळूनं मान खाली घातली. घाव बसणार हे तो धरूनच चालला होता. नवरा त्याच्या बाजूनं पुढं निघून गेला, आणि जांभळीच्या पलीकडं खड्डा खणायला लागला.

करिष्मा भट्टीपाशी आली. म्हणाली, "काड."

रवळूनं ट्रे ओढला. इतक्या दिवसांची राख. श्वासानं उडायला हवी होती.

उडाली नाही.

करिष्मानं तिच्यात हात घातला. मग रवळूचा हात धरला आणि तोही आत ठेवला.

राख दुधानं भिजलेली होती. कोमट.