पुढच्या तुकड्याची सावली

चितेगावच्या त्या कारखान्यात उजमाची तीन वर्षं एका सावलीनं खाल्ली होती. ओतीव लोखंड न फोडता आतली भेग दाखवणारा एक्स-रे सेन्सर ती तयार करत होती. केसाएवढी भेगही त्यात दिसे. पण एक तुकडा काढून दुसरा ठेवला, की नव्या चित्रावर फिकट सावली राहायचीच. सेन्सर मागचं चित्र पटकन विसरत नाही, असं सगळे धरून चालले होते. त्याला विसरायला शिकवता शिकवता ती पार पिचून गेली होती.

सावली शुक्रवारपर्यंत गेली नाही तर काम बंद, असं तिच्या वरिष्ठांनी, सत्यमसरांनी, बजावलं होतं.

मंगळवारी दुपारी मोतीराम पडद्यासमोर थबकला. एक्स-रेचे किरण अडवणाऱ्या शिशाच्या खोलीत तुकडे ठेवणारा करमाडचा हा जुना माणूस. सगळे त्याला मामा म्हणत.

"म्याडम, ही सावली पंपाच्या झाकणाची हाय."

"असेल. आधी तेच ठेवलं असेल ना."

"नाय हो. आधी ब्रेकचा ड्रम व्हता. झाकण तर आता ठिवायचंय."

उजमानं कंटाळतच महिन्याभराची चित्रं काढली. प्रत्येक चित्रावरची सावली पुढच्या तुकड्याची होती. रोज तेच आठ तुकडे फिरून फिरून ठेवले जायचे, त्यामुळं मागचं कुठलं आणि पुढचं कुठलं हे ताडून बघायची उसंत कुणालाच मिळाली नव्हती.

बुधवारी तिनं मुद्दाम क्रम मोडला. पडद्यावर दातेरी चाकाची सावली आली.

"मामा, चाक नको. नळीचा तुकडा ठेवा."

मोतीराम आत गेला आणि बऱ्याच वेळानं बाहेर आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"नळी हातातून निसटली, म्याडम. दोन तुकडे झाले. मंग चाकच ठिवलं."

उजमा घाबरली. पण त्याहून जास्त ती दमली होती. "कुणाला सांगणार, मामा? शुक्रवार होऊ द्या."

शुक्रवारी अकरा वाजता सत्यमसर आले. पहिल्या चित्रावर सावली होती, दुसऱ्यावरही होती. तिसरं चित्र आरशासारखं लख्ख आलं.

"गेली! उजमा, सावली गेली!" सर खुर्चीतून उठलेच. "मामा, अजून एक तुकडा लावा. खात्री करून टाकू."

उजमा पडद्याकडं बघत होती. इतके दिवस जे मागितलं ते समोर होतं. पण सावली नाही, म्हणजे पुढचा तुकडा ठेवला जाणारच नाही.

"सर, आज इथंच थांबू या."

"अगं, एकच!"

मोतीरामनं पडदा पाहिला, मग तिच्याकडं पाहिलं. त्यालाही कळलं होतं.

"मामा, नका जाऊ."

"सायेब म्हणतेत ना, म्याडम. एकच तर आणायचाय."

तो गोदामाकडं गेला.

सर फोनवर पेढे मागवत होते.

थोड्या वेळानं बोळातून ढकलगाडीच्या चाकांची करकर ऐकू आली. जवळ येत गेली. उजमानं श्वास सोडला.

करकर दारापाशी थांबली.

"या, मामा," ती म्हणाली.

दार उघडलं नाही.