आसन एक, श्वास दोन

मुंबईहून व्हँकुव्हरला निघालेल्या विमानात, पहिल्या वर्गाच्या दुसऱ्या रांगेत बसलेल्या दिनकर मगदूमांनी लिंबाचं सरबत मागितलंच नव्हतं. मागावं की नाही, मागितलं तर आजूबाजूचे हसतील का, या विचारात ते होते. तेवढ्यात सरबत समोर आलं, आणि तेही मीठ जरा जास्त घातलेलं, अगदी हवं होतं तसं.

"ताई, मी अजून काय बोललोच न्हाई," ते म्हणाले.

हेमांगी दळवी हसली. पहिल्या वर्गात सेवा करायला लागून तिला नऊ वर्षं झाली होती आणि हे वाक्य तिने निरनिराळ्या भाषांत शेकडो वेळा ऐकलं होतं. तिने त्यांना उशीच्या कडेची बारीक जाळी दाखवली. तिचं नाव श्वासवाचक. माणूस श्वास सोडतो त्यात नाना वायूंचे अंश असतात. तहान लागली, भूक लागली, जीव घाबरा झाला की त्यांचं प्रमाण बदलतं. जाळी तो श्वास चाखते, हाताखालची पट्टी नाडी आणि घाम मोजते, आणि कुणाला काय वाढायचं ते स्वयंपाकघरातल्या पडद्यावर लिहून येतं. काका घामाघूम होऊन विमानात चढले होते, म्हणून मीठ जास्त.

मगदूमांना त्यात फारसं नवल वाटलं नाही. कोल्हापुरात त्यांनी चाळीस वर्षं फौंड्री चालवली होती. वितळलेल्या लोखंडाचा नुसता रंग बघून माल कुठे फुटणार ते सांगणारा एक कारागीर त्यांच्याकडे होता. त्याला पगार द्यावा लागायचा, एवढाच फरक, असं म्हणून त्यांनी सरबत संपवलं.

ते पहिल्या वर्गात आले कसे, हेही त्यांनी तासाभरात सांगून टाकलं. त्यांची मुलगी अमृता व्हँकुव्हरला असते. कामानिमित्त सतत विमानाने फिरून तिच्या नावावर जे मैल साठले होते, त्यांत पहिल्या वर्गाचं एकच तिकीट बसलं. ते आईला, कारण आईचे गुडघे दुखतात, असं तिने ठरवलं. आईने, म्हणजे शैलजाबाईंनी, ते परस्पर नवऱ्याच्या नावावर करायला लावलं, कारण त्यांची कंबर धरते. यावर घरात आठवडाभर धुसफुस झाली. शेवटी तोडगा निघाला, की अर्धा प्रवास हे पुढे बसतील आणि अर्धा त्या. विमानात असं चालत नाही, हे दोघांनाही कुणी सांगितलं नव्हतं.

चौथ्या तासाला मगदूम उठून हेमांगीकडे गेले आणि आता मंडळींना पुढे आणतो म्हणाले. एसटीत खिडकीची जागा बदलावी इतक्या सहजपणे. हेमांगीला नाही म्हणता आलं नाही. नियमाप्रमाणे आसन नावावर असतं. माणूस बदलला तर जुनी नोंद बंद करून नवी उघडायची, आणि नवी नोंद उघडली की ती थेट कचेरीत जाते आणि मग शंभर प्रश्न येतात. तेव्हा तिने नोंद तशीच चालू ठेवली. आसनाला फक्त श्वास कळे, माणूस कळत नसे. नाव भरायचं काम माणसाचंच होतं. शैलजाबाई पडदा बाजूला करून भीतभीत आत आल्या, आसनाचा पलंग होताना पाहून त्यांनी तोंडावर पदर घेतला आणि चपला काढून ठेवून मगच वर बसल्या. हेमांगीला मनापासून बरं वाटलं, आणि ती तिच्या तीन तासांच्या विश्रांतीला गेली.

ती परत आली तेव्हा विमान ध्रुवाच्या बाजूने चाललं होतं. जूनचा महिना, त्यामुळे सूर्य मावळायचं नाव घेत नव्हता. खाली बर्फ लखलखत होतं आणि उरलेले तीन प्रवासी झोपले होते. तिने पुढच्या जेवणाची यादी पाहायला पडद्यावर बोट ठेवलं आणि दुसऱ्या रांगेपाशी तिचं बोट थांबलं.

तूप नाही, तेल नाही, साखर नाही. उकडलेलं, मऊ, थोडं थोडं. उतरताना सामान उचलू देऊ नये.

पाहणाऱ्याला हे पथ्याचं साधं जेवण वाटलं असतं. हेमांगीला ते वाचता येत होतं. आसन आजाराचं नाव कधीच सांगत नाही. पूर्वी सांगत असे. त्यातून एकाला उगाच धास्ती बसली, खटले झाले, आणि आसनाने सेवा करावी, निदान करू नये असा कायदा आला. आता सापडलेली खूण फक्त जेवणातून दिसते. प्रवाशाने आधी होकार दिला असेल तर ती त्याच्या डॉक्टरांकडे जाते, नसेल तर चाकं जमिनीला टेकताच पुसली जाते. दिनकर मगदूमांनी अर्जावर नकार दिला होता. कंपनी काही फुकट द्यायला लागली की सावध व्हावं, अशी त्यांची धंद्यातली शिकवण होती.

पण हेमांगीने हीच यादी दोन वर्षांपूर्वी पाहिली होती. अय्यर नावाचे एक गृहस्थ दर महिन्याला याच मार्गाने जात, तिला दरवेळी नवा विनोद सांगत. लागोपाठ तीन फेऱ्यांत त्यांच्या ताटातलं तूप गेलं, तेल गेलं, साखर गेली. अय्यर कुरकुरले. ती गोड हसली आणि उकडलेलं वाढत राहिली, कारण बोलायची परवानगी नव्हती. चौथ्या महिन्यात यादीत त्यांचं नाव नव्हतं. पुढे त्यांच्या एका सहकाऱ्याकडून कळलं, स्वादुपिंडाचा कर्करोग, फार उशिरा सापडला. सापडला तर होता, तीन महिने आधी, तिच्या पडद्यावर. त्या दिवशी ती विमानाच्या न्हाणीघरात उभी राहून रडली होती आणि तोंड धुऊन बाहेर येऊन तिने चहा वाढला होता.

या वेळी गप्प बसायचं नाही, हे तिचं तिथेच ठरलं. नोकरी जाईल तर जाईल. सांगायचं कुणाला, एवढंच बघायचं होतं. खूण पटायला आसनाला सलग चार तासांचा श्वास लागतो. काका पहिले साडेतीन तास बसले, काकू नंतरचे तीन, आणि नोंद एकच चालू होती. तेव्हा यादी कधी बदलली ते पाहिलं की झालं. ती पाहत होती तेवढ्यात तिच्या जागी तीन तास उभी असलेली सहकारी म्हणाली, की तुझे ते काका-काकू फार गोड आहेत हं, सारखे ये-जा करत होते.

हेमांगीने यादी तशीच सोडली. ती पुढे गेली. आसनात आता पुन्हा मगदूम होते आणि शैलजाबाई पडद्यापाशी उभ्या होत्या. खोदून विचारल्यावर एकेक बाहेर आलं. शैलजाबाई तासभर पडल्या आणि मागे यांची कंबर अवघडली असेल म्हणून उठल्या. हे अर्धा तास बसले आणि हिचे गुडघे आठवून परत मागे गेले. काकूंनी झोप लागत नाही असं खोटं सांगितलं, काकांनी मागचीच खुर्ची बरी आहे असं खोटं सांगितलं. तीन तासांत पाच वेळा अदलाबदल झाली होती, आणि यादी बदलली ती याच वेळात. जग जागेसाठी भांडतं आणि हे दोघं ती एकमेकांच्या गळ्यात मारत होते. आसनाने सगळे श्वास एकाच माणसाचे समजून एकत्र केले होते, आणि कुणाचा कुठला ते आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

हेमांगीने दोघांना स्वयंपाकघरामागच्या दोन घडीच्या खुर्च्यांवर बसवलं, पडदा ओढला आणि सांगितलं. यादी, अय्यर, कायदा, सगळं. हे शंभर टक्के खरं असेलच असं नाही, हेही सांगितलं, आणि खरं असेल तर ते इतकं लवकर कळलंय की उपाय आहे, हे दोनदा सांगितलं.

मग मगदूमांनी विचारलं, "दोघांतल्या कुणाला?"

"ते मला कळत नाही, काका. आसनालाही कळत नाही."

"मग मलाच," ते बायकोकडे वळून म्हणाले. "चाळीस वर्षं भट्टीचा धूर गिळलाय. पाच किलो वजन उतरलंय माझं उन्हाळ्यापास्नं. पट्ट्याला नवीन भोक पाडलंय, तुला दिसू नये म्हणून सदरा बाहेर सोडतो मी."

शैलजाबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. रागाने पाहावं तसं. "तुमचं कसलं आलंय? मला दिवाळीपास्नं अन्न उतरत न्हाई. पाठीतनं कळ येते. ताट वाढून घेते आणि तुमचं लक्ष नसलं की परत पातेल्यात घालते. माझंच हाय ते."

"खोटं बोलू नको, शैला."

"तुम्ही बोलताय खोटं."

आणि दोघं भांडायला लागले. आवाज न चढवता, पण हट्टाने, जणू वाटणीत आलेली एकच चांगली वस्तू दोघांनाही हवी होती. त्यातलं खरं किती आणि आजार आपल्या अंगावर ओढून घेण्यासाठी रचलेलं किती, ते हेमांगीला ओळखता येईना. उशीतली जाळी श्वासातले सगळे अंश वेगळे करून दाखवायची. हे मात्र तिलाही वेगळं करता आलं नसतं. हेमांगीचे डोळे भरून आले. ती अविवाहित होती, आणि आपल्यासाठी असं कुणी भांडेल का, हा प्रश्न तिच्या मनात आला, तो तिने बाजूला सारला.

तिने एका कागदावर कुठल्या तपासण्या करायच्या ते लिहिलं. दोघांनीही करायच्या, दोन दिवसांच्या आत, आधी कुणाच्या यावर वाद न घालता. अमृताला आजच सांगायचं. मगदूमांनी कागद वाचला आणि डॉक्टरने विचारलं कुणी सांगितलं तर काय म्हणू, असं विचारलं. हेमांगीने कागद परत घेतला आणि खाली आपलं नाव लिहिलं. त्यांनी ते नाव दोन वेळा वाचलं आणि कागद घडी करून आतल्या खिशात ठेवला.

मग तिने उरलेली गोष्ट सांगितली. सांगावी की नाही, याचा तिने बराच विचार केला होता. उतरायला अजून पाच तास आहेत. तिने नोंद आता कोरी केली आणि कुणीतरी एकच जण चार तास सलग आसनात पडून राहिला, तर उतरण्याआधी कळेल. यादी आली तर त्याला, नाही आली तर दुसऱ्याला.

"तू जा," मगदूम म्हणाले.

"तुम्ही जावा," शैलजाबाई म्हणाल्या.

या वेळी जागेसाठीचा आग्रह निराळा होता आणि ते तिघांनाही कळत होतं. यादी आली तर बसणारा आजारी, नाही आली तर न बसणारा. कुणीही बसलं तरी एकाला दुसऱ्याचं कळणारच होतं. शैलजाबाई म्हणाल्या, की पोरीच्या दारात जायचं तर एकाने रोगी म्हणून आणि दुसऱ्याने निरोगी म्हणून जायचं, हे त्यांना सोसायचं नाही. तपासण्या करू, नक्की करू, तिची शपथ. पण ते दोन दिवस आपले आहेत.

मगदूम उठले, बायकोचा हात धरून तिला पडद्यापलीकडे घेऊन गेले आणि आसनाजवळ उभे राहिले. पलंग उलगडलेला होता, चांगला ऐसपैस. त्यांनी शैलजाबाईंना खिडकीच्या बाजूला बसवलं आणि स्वतः कडेला टेकले. एकाच उशीवर दोन पांढरी डोकी आली. काचेतून ऊन थेट तोंडावर येत होतं, तरी दोघांनीही खिडकीची झडप ओढली नाही.

हेमांगी यादीच्या पडद्यावर बोट ठेवून उभी होती. नवी नोंद उघडली होती आणि नावाचा रकाना कोरा होता.

"ताई," मगदूमांनी हळूच हाक मारली. "आता ह्या जाळीला काय कळंल?"