सातव्या खांबाची दुमड

चार माणसं नदीनं मारली नाहीत, साहेब. तुमच्या बंदर खात्यानं मारली, आणि खून पाण्याच्या नावावर टाकून तुम्ही निवांत जेवायला गेलात. पाण्याला पिंजऱ्यात उभं करता येत नाही, लाँच चालवणाऱ्या तांडेलाला करता येतं. म्हणून तुम्ही तांडेलाला धरलंत. त्याला एक मुलगी आहे, एवढंच तुम्ही विसरलात.

ती मुलगी तपासबाईच्या खोलीत आली तेव्हा बाईचा शिंपी भाऊ, दादा, पँटचे पाय कापत होता. खाली शिंप्याचं दुकान, वर बहिणीचं खाजगी तपासाचं ऑफिस, पण उजेड वर चांगला म्हणून दादा कात्री घेऊन वरच बसायचा. बहीण गुन्हे उसवायची, हा कपडे शिवायचा.

"बाबा पीत नाहीत," मुलगी म्हणाली. "पीत असते तरी मी हेच म्हटलं असतं, हे कळतं मला. म्हणून तर तुमच्याकडे आले."

"बस," तपासबाई म्हणाली. "पहिल्यापासून सांग."

शहरातून दर रविवारी सहलीची लाँच सुटते. नदी समुद्राला मिळण्याआधी जिथं सात तोंडांनी फुटते, तिथं लोकांना पक्षी आणि खारफुटी दाखवून आणते. त्या रविवारी अडतीस उतारू होते. दुपारी, ओहोटीला, पाण्यात वाट दाखवणाऱ्या बारा खांबांतल्या सातव्या खांबापाशी लाँच वाळूवर चढली आणि कलली. लोक घाबरून एका अंगाला धावले, ती पालथी झाली. दोन बहिणी, एक निवृत्त पोस्टमन आणि लाँचवरचा म्हातारा खलाशी गेले.

"जाताना खांब डाव्या हाताला ठेवायचा, हा नियम. खातं म्हणतं, बाबांनी उजव्या हाताला ठेवला. आणि सुकाण्याच्या खोलीत बाटली सापडली म्हणतात. सोमवारी खात्याची चौकशी आहे. तिथं दोषी ठरले तर खटला, आणि दहा वर्षं तुरुंग. बाबा बासष्टचे आहेत."

पुढचं गणित तिनं केलं नाही. दादानं कात्री खाली ठेवली.

सहलीच्या लाँचची मालकीण धक्क्यावर भेटली. दोन्ही हात कमरेवर.

"लाँच जुनी होती का?" तपासबाईनं विचारलं.

"जुनी मी आहे. लाँच चार वर्षांची. उतारू चाळीस चालतात, अडतीस होते. आणखी काय काढायचंय? वाळू सरकलीय, खांब हलवा, म्हणून तीन पत्रं दिली मी खात्याला. तिन्हींवर पोच आहे. उत्तर एकावर नाही."

शेजारच्या लाँचचा तांडेल, ज्याला सगळे बगळा म्हणत, दोर गुंडाळत होता. धंद्यातला दुश्मन, दादाचा संशय तिथंच बसला.

"तुम्ही जाता त्याच वाटेनं?"

"जातो की. अपघाताच्या आदल्या रविवारी माझाही तळ घासला. खांब डावीकडेच होता, अगदी शिस्तीत."

"हे चौकशीत सांगाल?"

बगळ्यानं दोर खाली टाकला. "बाई, माझा परवाना कोण देतं, माहितेय ना? घरी पाच तोंडं आहेत."

"घाबरट मेला," जाताना दादा पुटपुटला.

"घाबरट आहे. खोटारडा नाही."

खात्याच्या ऑफिसात खांब-तपासनीस पानाच्या डागासारखा खुर्चीला चिकटला होता. त्यानं कपाट उघडलं. "लाँच दोन दिवस पाण्याखाली होती. वर काढल्यावर मीच पहिला आत शिरलो. हे मिळालं."

टेबलावर तांडेलाची वही होती, भिजून कणकेचा गोळा झालेली. शेजारी बाटली. तिच्यावरचा कागद सरळ, किमतीची चिठ्ठी लख्ख वाचता येत होती.

"महाग पितो तांडेल," दादा म्हणाला.

"आणि खांब?" तपासबाईनं विचारलं.

तपासनीसानं रजिस्टर पुढं सरकवलं. "त्याच रविवारी सकाळी नऊला, ऐन भरतीत, स्वतः पाहिले. वाचा."

तिनं मोठ्यानं वाचलं. "बाराही खांब जागच्या जागी, घट्ट. पाणी खांबांवरच्या शिंपल्यांच्या वरच्या कडेला टेकलेलं."

"आमची पद्धतच आहे ती. पाणी कुठवर आलं ते लिहायचंच."

"चांगली पद्धत आहे," ती म्हणाली.

अपघाताला पंधरा दिवस झाले त्या रविवारी तिनं मालकिणीची छोटी होडी घेतली. "आज भरती त्या दिवसाएवढीच आहे. वेळही तीच." दादाला पाणी सोसत नव्हतं. तो काठ घट्ट धरून बसला.

लाकडी खांब एकेक करून येत होते. प्रत्येकाला शिंपल्यांचा खरखरीत पट्टा चढलेला, आणि नऊच्या भरतीचं पाणी बरोबर पट्ट्याच्या वरच्या कडेला. सातव्यापाशी होडी हलली, दादानं खांबालाच मिठी मारली, आणि खांब दाढेसारखा डुगडुगला.

"अगं, हा तर हलतोय. आणि हे बघ, याची पँट सोडलीय कुणीतरी."

"काय?"

"पँटची उंची वाढवली की जुन्या दुमडीची रेघ वर राहते. हजार वेळा इस्त्री मार, जात नाही. तशी याची शिंपल्यांची रेघ वर राहिलीय. पाण्यापासून चांगली वीतभर. आणि वरचे शिंपले मेलेत सगळे."

तपासबाईनं पाण्यापासून रेघेपर्यंत वीत लावून पाहिली. मग म्हणाली, "दादा, सोमवारी इस्त्रीचा शर्ट घाल."

सोमवारी चौकशीच्या खोलीत खात्याचे साहेब मधोमध, शेजारी तपासनीस. बाकावर तांडेल, त्याची मुलगी, मालकीण. मागं दाराशी बगळाही उभा होता.

"बाटलीपासून सुरू करू," तपासबाई म्हणाली. "एकाच खोलीत, एकाच पाण्यात दोन दिवस. वहीचा लगदा झाला आणि बाटलीचा कागद जसाच्या तसा राहिला. ती बाटली लाँचबरोबर बुडलीच नव्हती. लाँच वर आल्यावर ती आत गेली, आणि आधी आत कोण शिरलं ते तपासनीसांनीच सांगितलंय."

तपासनीसानं रुमाल काढला.

"आता खांब. शिंपले पाणी पोचतं तिथवरच वाढतात. काल त्या दिवसाएवढ्याच भरतीत अकरा खांबांना पाणी कडेला टेकलं होतं. सातव्याला वीतभर खाली. म्हणजे ते शिंपले तिथं वाढलेलेच नाहीत. खांब उपटून दुसरीकडे रोवलाय, घाईत, कमी खोल. म्हणून उंच दिसतो, म्हणून हलतो. वाळू खांबाच्या जुन्या जागेच्या उजवीकडे सरकली होती. तांडेलानं नियमानं खांब डावीकडे ठेवला आणि वाळूवर चढला. मग कुणीतरी खांबच वाळूच्या पलीकडे नेला, की लाँच चुकीच्या बाजूला दिसावी."

"कल्पना आहेत या," साहेब म्हणाले. "रजिस्टर आहे."

"रजिस्टरच तर आहे. त्या सकाळी सातव्यालाही पाणी कडेला टेकलं, असं लिहिलंय. आज आहे तिथं ते टेकूच शकत नाही. मग एक तर खांब तेव्हा दुसरीकडे होता, नाहीतर तपासनीस गेलेच नव्हते. यातलं तुम्हीच निवडा."

"मी गेलो नव्हतो," तपासनीस घाईनं म्हणाला. "दर महिन्याला तीच ओळ लिहितो."

"मग खांब जागच्या जागी होता हे कुणी पाहिलं?"

त्यानं रजिस्टर स्वतःकडे ओढलं.

"खांब जुन्या जागी होता तेव्हा मी गेलोय तिथून, तळ घासत," दारातून बगळा म्हणाला. "आदल्याच रविवारी. घ्या परवाना काढून."

"असला खांब उपटायला यारी, म्हणजे क्रेन, लागते," तपासबाई म्हणाली. "यारीची बोट नदीवर एकच. ती कुणाच्या सहीनं सुटते?"

तपासनीसानं साहेबांकडे पाहिलं. "अपघाताच्या दुसऱ्याच पहाटे तुम्हीच सही दिली होती, साहेब. बाटलीचंही तुम्हीच सांगितलंत. मी एकटा नाही मरणार."

साहेबांनी फाईल मिटली. "तांडेलाला सोडतो. आता विषय संपवा."

तांडेलाची मुलगी उठली. बाप तिचा हात धरायला गेला, तिनं हळूच सोडवला.

"बाबांना सोडणं हे उपकार नाहीत. तीन पत्रं आली तेव्हा खांब हलवायला तुम्हाला सवड नव्हती. चार माणसं मेल्यावर एका पहाटेत हलला. म्हणजे हलवता येत होता. यारी होती, माणसं होती, तुमची सही होती." तिनं खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर बसली. "मग आधी का नाही हलवलात? मला घाई नाही, साहेब. सांगा."