बाराच्या आत मुकुट

"डोकं मागे घ्या. छताकडे बघा. डोळे मिटू नका."

"मी नाही मिटत. ते आपले आपण मिटतायत."

"मग त्यांना समजवा."

तो हसला, आणि माझा थेंब नेमका पापणीवर पडून गालावरून ओघळला. दवाखान्यात रोज चाळीस जणांच्या डोळ्यांत मी थेंब घालते, नेम सहसा चुकत नाही. आज चुकला. सगळं लक्ष एप्रनच्या खिशातल्या मोबाईलकडे होतं ना! बरोबर बारा वाजता मी एका आजोबांना गादीवरून खाली ओढणार होते.

म्हणजे ऑनलाइन खेळातल्या आजोबांना. किल्ल्यांचा खेळ, पन्नास जणांची आमची फौज. म्होरक्याने स्वतःचं नाव 'आजोबा' ठेवलंय. मी त्यांची उपप्रमुख, नाव 'छडी'. रोज सकाळी हजेरी घ्यायची, आळशांना झापायचं, रुसलेल्यांना परत आणायचं... दोन वर्षं ही सगळी उस्तवार माझी आणि मुकुट मात्र आजोबांच्या डोक्यावर! त्यात गेला आठवडाभर आजोबा गायब. शत्रू वेशीपाशी आलेला, आणि दरवाजे बंद करायचा हुकूम फक्त म्होरक्याच देऊ शकतो.

नियम साधा होता. म्होरक्या सलग सात दिवस फिरकला नाही, की उपप्रमुखाला एक बटण मिळतं. दाबलं, की मुकुट आपला. आज बाराला सात दिवस भरत होते.

"आता डोळे मिटून बसा," मी दुसरा थेंब नीट घातला. "चार तास जवळचं धूसर दिसेल."

त्याच्या कानामागे लाकडाची एक कुरळी साल अडकली होती. काढावी की काढू नये... मी हात मागे घेतला.

"सुतार आहे हो," शेजारून त्याची आई म्हणाली. "डोळ्यात कपची गेली. डॉक्टरांनी आराम सांगितला, तरी हा रंधा सोडत नाही आणि याची बोटं मोबाईलवर नाचायचीच! शेवटी मीच काढून घेतला. आठवडा झाला, माझ्या पर्समध्ये आहे." मग पर्स त्याच्या मांडीवर ठेवून ती औषधं आणायला उठली. "सांभाळ. उघडायची नाही."

तिच्या चपलांचा आवाज जिन्यात विरला, तसा तो कुजबुजला, "मॅडम... आई गेली?"

"गेली."

"एक उपकार करा. माझा मोबाईल काढा आणि त्यातला किल्ल्यांचा खेळ उघडा. मला काहीच दिसत नाहीये. बाराच्या आत उघडला नाही, तर माझी खुर्ची गेली. एक बाई टपून बसल्यात. छडी म्हणून."

बाटली माझ्या हातून पडता पडता राहिली. आजोबा? हे? पुरती तिशीही न गाठलेले, गालावर थेंबाचा ओघळ घेऊन बसलेले?

मी पर्समधून मोबाईल काढला आणि त्याचा अंगठा धरून त्यावर टेकवला. खरखरीत, उबदार अंगठा. मोबाईल उघडला. भिंतीवरच्या घड्याळात बाराला दहा कमी होते.

"नेट नाहीये," मी म्हटलं. धडधडीत खोटं.

"अरे देवा..."

"कशा आहेत या बाई?" मी उगीच विचारल्यासारखं विचारलं.

"कडक! निवृत्त मुख्याध्यापिका असणार. साठी उलटलेली, चष्मा नाकाच्या टोकावर. एकदा मला उशीर झाला, तर सगळ्यांसमोर म्हणाल्या, 'आजोबा, या वयात झोप कमी लागते असं ऐकलं होतं!'"

मी हसू खोकल्यात लपवलं. "मग देऊन टाका ना त्यांना खुर्ची."

"द्यायचीच आहे हो! त्यांनी हिसकावली, तर त्यांच्या नावापुढे बंडखोर म्हणून लाल खूण लागते. कायमची. दोन वर्षं राबल्या त्या, मिरवलो मी, आणि खूण त्यांना? मी माझ्या हाताने मुकुट दिला, तर सोनेरी लागते."

"एवढं होतं, तर आधी का नाही दिला?"

त्याच्या मिटलेल्या पापण्या थरथरल्या.

"मुकुट दिला असता, तर मग भांडायला काय उरलं असतं? बाई ओरडल्या नाहीत, की दिवस सुरूच झाल्यासारखा वाटत नाही. हे सात दिवस फार... मुके गेले."

बाराला तीन कमी.

"नेट आलं," मी म्हटलं. माझाच आवाज मला ओळखू येईना.

"मुकुट द्या असं बटण असेल. नाव निवडा, छडी."

मी माझ्या अंगठ्याने माझंच नाव दाबलं.

आणि माझ्या खिशातल्या मोबाईलवर खेळातली मुकुट मिळाल्याची तुतारी वाजली! बारा चुकू नयेत म्हणून आवाज सगळ्यात मोठा करून ठेवला होता मी. बाकांवरची पंधरा माणसं वळून बघायला लागली.

त्याने डोळे उघडले. बाहुल्या केवढ्या मोठ्या झालेल्या! "मॅडम, तुमच्या खिशात..."

"हो."

"बाई?"

"आजोबा..."

"चष्मा?"

"नाही."

"साठी?"

"सव्वीस." मी श्वास घेतला. "आणि नेट होतं. तुम्हाला पाडायला थांबले होते मी."

"मग पाडलं का नाही?"

"माझेही सात दिवस मुकेच गेले."

तेवढ्यात आई परतली. "मोबाईल! काढलासच शेवटी?"

"माझ्या हातात कुठाय, आई? यांच्या हातात आहे."

तिने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "असा काय बघतोय हो हा?"

"थेंबांमुळे होतं. चार तास राहील."

"जास्तही राहील," तो म्हणाला.

जेवणाच्या सुट्टीत मी पहिला हुकूम सोडला, किल्ल्याचे दरवाजे बंद झाले. माझ्या नावापुढे सोनेरी खूण चमकत होती. मी मात्र दर पाच मिनिटांनी दवाखान्याच्या दाराकडे बघत होते.

चार वाजून पाच मिनिटांनी तो आला. एकटाच. दारात थांबून त्याने मला पाहिलं... नीट, सावकाश, पापणी न मिटता. आता डोळे त्याचं ऐकत होते.

"हजर," तो म्हणाला.

"पाच मिनिटं उशीर, आजोबा."

"उद्या वेळेवर येईन."

"उद्या? उद्या कुठे तपासणी आहे तुमची?"

"नाही. पण सात दिवस फिरकलो नाही, तर जागा जाते ना?"

ती कुरळी साल अजून तिथेच होती. या वेळी मी हात मागे घेतला नाही. त्याच्या कानामागून ती अलगद काढली आणि एप्रनच्या खिशात टाकली.