आरशातला दिवा

कुशाबाईच्या मिसळीसाठी कल्याणहून माळशेज चढून यायचं, हे ऐकून आळेफाट्यावरचे लोक त्यांना सरळ वेड्यात काढायचे. अरे, आळेफाट्यावर काय मिसळ मिळत नाही? पण अमृतला आणि त्याच्या दोस्तांना हे सांगून उपयोग नव्हता. सगळी जुन्नर-आंबेगावचीच पोरं, पोटासाठी घाटाखाली गेलेली. सुट्टीच्या सकाळी गाडीला किक मारली की पहिला मुक्काम कुशाबाईकडे, मग आपापलं घर. बोरी बुद्रुकच्या रस्त्याला उसाच्या कडेला तिचं पत्र्याचं शेड, पुढच्या अंगणात बाज, आत लाकडी बाकडी, आणि चुलीवर रटरटणारा रस्सा. पाटी नाही, काही नाही.

पुढं असायची सयाजीची बुलेट. हा महाळुंगे पडवळचा, वयानं सगळ्यांत थोरला, म्हणून म्होरक्या. त्याच्यामागं लोणीचा भिका, जिभेला हाड नसलेला. मग बोरीचाच अमृत. आणि शेवटी अरिहंत. नारायणगावच्या सुभाषचंद शेटचा एकुलता एक मुलगा, कापडाच्या खरेदीसाठी उल्हासनगरला राहायचा. पावसाळ्यासाठी सगळ्यांनी एकाच दुकानातून टोपीवाले पिवळे रेनकोट घेतले होते. भिका म्हणायचा, "आपुन येताना पायलं की लोकास्नी वाटतं, रस्त्याची कामं काढणारं आलं."

अरिहंत कांद्या-लसणाला शिवायचा नाही. कुशाबाई त्याच्यासाठी वेगळ्या पातेल्यात मटकी शिजवायची. कांद्याचा वासही त्याला सहन व्हायचा नाही. अमृतनं बुक्कीनं कांदा फोडला की हा ताटली उचलून पलीकडच्या बाकड्यावर.

"लग्न झाल्यावर बायकोनं कांदा मागितला तर रं?" भिका विचारायचा.

"तर तिचं ताट तुझ्या शेजारी मांडीन," अरिहंत म्हणायचा, आणि सगळ्यांत मोठ्यानं स्वतःच हसायचा.

या टोळीला सयाजीनं एक शिस्त लावली होती. गाड्यांचे दिवे दिवसाही चालू. प्रत्येकानं आपल्या आरशात मागच्याचा दिवा बघत राहायचं. दिवा दिसेनासा झाला की थांबायचं. तुम्ही थांबलात की तुमचा दिवा पुढच्याला दिसेना, मग तोही थांबायचा, आणि बघता बघता सगळी टोळी मागं वळायची. कुणी एकटा मागं राहायचा नाही. मोबाइलला घाटात रेंज नसायची, त्यामुळे सगळा भरवसा त्या आरशावर.

गेल्या वर्षी गणपती उठल्यानंतरच्या रविवारी हाच भरवसा अंगाशी आला.

घाटात धुकं होतं. बोगदा ओलांडला तेव्हा अमृतच्या आरशात अरिहंतचा दिवा होता. मढला होता. ओतूरला होता. आळेफाट्याच्या गर्दीत थोडा मागं पडला, पुन्हा दिसायला लागला. कुशाबाईच्या अंगणात गाडी वळवेपर्यंत अमृतनं तो डोळ्यांनी पाहिला. स्टँड लावून मागं वळला, तर रस्ता मोकळा.

पेट्रोलला थांबला असेल म्हणून त्यांनी वाट पाहिली. बिनकांद्याची ताटली निवून गेली. मग निघाले, शोधत शोधत पार घाटापर्यंत. बोगद्याच्या जरा खाली, कल्याणच्या अंगाला, कठडा तुटला होता. खाली गाडी होती, आणि गाडीखाली अरिहंत. त्याच्या दोन्ही मुठींत गवत उपटलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, पडल्यावर बराच वेळ जिवंत असावा. कुणी लगेच पोचतं तर वाचता.

सुभाषचंद शेट अमृतला एका शब्दानं वाईट बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. अमृत भेटायला गेला की ते दुकानातलं गिऱ्हाईक सोडून त्याला आत बसवायचे, चहा द्यायचे, आणि विचारायचे, "दिवा दिसत होता म्हणतोस ना?"

"होता, शेट. आईशपथ होता."

"मग तो कुणाचा होता?"

अमृत चहा तसाच ठेवून उठायचा. बाजारात लोक म्हणायचे, मिसळीच्या ओढीनं पोरगं आरशात बघायचं विसरलं आणि आता दिव्याची गोष्ट सांगतंय. खुद्द सयाजीच्या डोळ्यांतही तेच दिसायचं. अमृतचं जेवण सुटलं, झोप उडाली. एका माणसानं, त्या म्हाताऱ्या बापानं तरी 'तू खरं बोललास' म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं.

वर्ष भरत आलं तेव्हा शेटनीच निरोप धाडला. त्याच रविवारी मी कुशाबाईकडे येऊन बसतो. तू या खेपेला शेवटी राहा. तुझ्यामागं कुणी नसताना आरशात काय दिसतं ते बघ, आणि माझ्यासमोर बसून सांग. जे असेल ते मी मान्य करीन.

अमृतला रडू आलं. नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

तिघं पहाट सरता सरता निघाले. मुरबाड गेलं, टोकावडं गेलं, घाट सुरू झाला. डोंगरावरून पाणी रस्त्यावर उड्या घेत होतं. धुकं एवढं, की पुढच्या भिकाचा पिवळा रेनकोट मधूनच पुसून जायचा आणि मधूनच उमटायचा. अमृत दर वळणाला आरसा बघत होता. आरशात पांढरं धुकं, दुसरं काही नाही. त्याला बरंही वाटत होतं आणि भीतीही वाटत होती. काही दिसलंच नाही, तर शेटना काय सांगणार होता तो?

तुटलेल्या कठड्याची जागा आता नव्या सिमेंटनं बुजवली होती. तिथून गाडी पुढं गेली, बोगदा ओलांडला, आणि आरशात दिवा लागला.

पिवळट, जरासा डावीकडे कललेला. अरिहंतच्या गाडीचा दिवा तसाच कललेला होता, कितीदा सांगूनही त्यानं तो सरळ करून घेतला नव्हता.

गेल्या वर्षी न थांबल्याबद्दल लोकांनी अमृतला मान वर करू दिली नव्हती. या वर्षी तो थांबणार होता. त्यानं गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

दिवाही थांबला.

पाण्याचा आवाज येत होता. दुसरा कसलाच नाही. मागच्या गाडीचं इंजिन चालू असतं तर ऐकू यायला हवं होतं, आणि बंद असतं तर दिवा एवढा स्थिर कसा जळत होता?

"अरिहंत?" त्यानं हाक मारली. आपलाच आवाज त्याला परका वाटला. तो दिव्याच्या दिशेनं चालत निघाला. चालला तेवढा दिवा मागं सरत नव्हता, पण जवळही येत नव्हता. "अरिहंत, मी थांबलोय रे. या खेपेला थांबलोय."

दिवा विझला.

अमृत वळला. त्याची गाडी उभी होती तिच्याही पुढं, वळणावर, एक लाल दिवा क्षणभर दिसला आणि धुक्यात शिरला. त्याला वाटलं, भिका. मागचा दिवा दिसेना झाला की आता थांबेल आणि वळेल.

तो गाडीशी येऊन उभा राहिला. शिस्तच होती तशी, कुणीतरी यायलाच हवं होतं. कुणी आलं नाही. भाजी भरलेले टेम्पो खाली गेले, एक एसटी गेली, पण सयाजी नाही, भिका नाही. आता त्याला रागही यायला लागला. किक मारली तर गाडी उठेना. प्लग काढून पुसला, फुंकला, पुन्हा बसवला. गाडी सुरू झाली तेव्हा धुकं बरंचसं वर गेलं होतं. पुढचा सगळा रस्ता त्यानं आरशात एकदाही पाहिलं नाही.

कुशाबाईच्या अंगणात सयाजी आणि भिका बाजेवर बसून चहा पीत होते.

"तुमी थांबला का न्हाई?" अमृत गाडीवरूनच ओरडला. "शिस्त फक्त माझ्यासाठीच हाय का?"

भिकाच्या हातातला कप तसाच राहिला.

"थांबायचं कशाला?" तो म्हणाला. "तुजा दिवा तर आरशात व्हता. हितं वळंपतुर व्हता."

"मी घाटात थांबलो व्हतो. बोगद्याच्या वर."

"चेष्टा करू नगंस, अमृत."

सयाजी उठला. तो शांतपणे बोलत होता, पण शब्द जपून टाकत होता. "तू आमच्या मागोमाग आलास. गाडी शेडच्या मागल्या अंगाला लावलीस अन् सरळ आत गेलास. तुझं अन् शेटचं बोलणं व्हायचं होतं, म्हणून आमी आत गेलो नाय. मुद्दाम हितं बसलो."

"शेट आलेत?"

"मघाच आलंत."

अमृत आत धावला. चुलीच्या धुरानं शेड भरलं होतं. कोपऱ्यातलं बाकडं रिकामं होतं. टेबलावर एक ताटली होती.

कुशाबाईनं फुंकणी खाली ठेवली. "आरं, तू परत आलास व्हय? काय राह्यलं का?"

"शेट कुठायत, कुशामावशी?"

"असं काय करतूस? तूच न्हेलंस की त्यास्नी. घरी सोडतो म्हणून."

भिका आणि सयाजी दारात येऊन उभे होते.

"मी आत्ता येतोय, मावशी," अमृत कसाबसा म्हणाला. "तोंड पायलं का तुमी त्याचं?"

"तोंड? टोपी व्हती डोक्यावर रेनकोटाची. भिताडाकडं तोंड करून बसलावता. मी आपली चुलीफुडं, डोळं धुरानं चुरचुरत्यात." ती आठवून आठवून सांगायला लागली. "शेटनी अरिहंताच्या नावानं बिनकांद्याची ताटली मांडाय लावली व्हती, त्येच्यावरच येऊन बसला. मला वाटलं, शेटनीच बसीवला. शेट म्हनलं, 'आला माजा.' मला वाटलं, तुलाच म्हनत्यात. लई खूश व्हतं रं. वरसात एवढं हसताना मी पायलं न्हाई त्यास्नी. त्येच्या हातावरनं हात फिरवत व्हतं. 'अमृत खरं बोलला व्हता,' म्हनलं. तवा जरा मला नवल वाटलं."

एवढंच तर ऐकायचं होतं अमृतला. वर्षभर त्यासाठी तडफडला होता तो. आणि आता ते दुसऱ्याच कुणाला सांगून झालं होतं.

मग त्यानं ताटलीकडे पाहिलं. मटकी जशीच्या तशी होती. रश्श्यावर साय धरली होती. शेव फुगून मऊ पडली होती. शेजारी कांद्याच्या सालींचा ढीग होता.

"कांदा कुणी खाल्ला?"

"तूच की. म्हंजी त्योच," कुशाबाई म्हणाली, आणि तिचा आवाज उतरला. "हातानं खुणावलं, कांदा दे. दिला. आनिक मागितला. आख्खाच खात व्हता, चावून चावून. दुसरं कशालाच शिवला न्हाई."



ताटलीपलीकडे शेटचा जाड भिंगांचा चष्मा घडी घालून ठेवलेला होता. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्या चष्म्याशिवाय त्यांना समोरची पायरी दिसत नसे.

"कुठल्या बाजूला गेले?"

"मागल्या दारानं, आळेफाट्याकडं."

"मी तिकडूनच आलोय. रस्त्यात कुणी न्हवतं."

"गाडी सुरू झाल्याली तुमी ऐकली का रं?" कुशाबाईनं दारातल्या दोघांना विचारलं. सयाजीनं भिकाकडे पाहिलं. भिकानं मान हलवली. दोघंही अंगणातच बसले होते, आणि दोघांनीही काहीच ऐकलं नव्हतं.

शेडच्या मागल्या दारापासून रस्त्यापर्यंत ओल्या मातीचा पट्टा होता. सकाळच्या सरीनं तो गुळगुळीत झाला होता. त्यावर शेटच्या चपलांचे ठसे होते, जवळजवळ पडलेले, म्हाताऱ्या माणसाचे. त्यांच्या बाजूला दुसरे ठसे नव्हते. चाकाचा वळ नव्हता.

अमृत ठशांच्या कडेकडेनं चालत गेला. रस्त्याच्या अलीकडे ते संपले होते. शेवटचा ठसा डाव्या पायाचा होता, आणि बाकीच्यांपेक्षा खोल रुतला होता. उजवा पाय टाकून गाडीवर मागं बसताना माणूस सगळा भार डाव्यावर देतो, तेवढा खोल.