यादीतून काढलेलं नाव

"काढ त्याचं नाव. माझ्यासमोर काढ."

आप्पा खुर्चीची पाठ धरून उभे होते आणि खुर्चीत बसलेल्या ताईला त्यांचा श्वास मानेवर जाणवत होता. महिन्यापूर्वी आई गेली, तेव्हा धाकटा जहाजावर होता. जहाजावरचा इलेक्ट्रिशियन तो, भर समुद्रातून उडी मारून येणार होता की काय? पण हे आप्पांना कोण सांगणार! आज बंदरावर उतरल्या उतरल्या त्याने फोन केला आणि बापलेकांनी एकमेकांना नाही नाही ते ऐकवलं. शेवटी आप्पा गरजले, की या घरातलं काहीही त्याला मिळणार नाही... आईसुद्धा!

आई म्हणजे ताईच्या सर्व्हरवरची आई. चपलांच्या कपाटावर बॅटरी मेलेला एक जुना लॅपटॉप वायरीच्या जोरावर अखंड चालू असे, तोच हा सर्व्हर. आप्पा त्याला 'डबा' म्हणत आणि येता-जाता नावं ठेवत. त्या थकलेल्या यंत्राला झेपेल अशी हलकी ऑपरेटिंग सिस्टिम ताईने पेनड्राइव्हवर बसवली होती, आणि हार्डडिस्कवर होते घराचे फोटो, कागदपत्रं आणि आईचे दोनशे चौदा व्हिडिओ. आई शिवणकाम शिकवायची. "खांद्याचं माप दोनदा घ्या," असं विद्यार्थिनींना सांगता सांगता मध्येच कॅमेऱ्यामागच्या स्वतःच्या मुलांना दटावणारी, हसणारी, जिवंत आई... घरच्या टीव्हीवर ती दिसे, तशीच जगाच्या पाठीवर कुठेही असलेल्या धाकट्याच्या फोनवरही.

ताईने कमांड टाइप केली. सर्व्हर उघडायची परवानगी असलेल्यांच्या यादीतून भावाचं नाव गेलं. आप्पांनी चष्मा लावून खात्री करून घेतली. एक गोष्ट मात्र त्यांना ठाऊक नव्हती. ही सिस्टिम सगळी तात्पुरत्या मेमरीत चालते. केलेला बदल जतन करायला वेगळं सांगितलं नाही, तर बंद करून चालू केल्यावर ती तो साफ विसरते. आणि ताईने जतन केलंच नव्हतं! आप्पा फिरायला गेले की मशीन एकदा बंद करून पुन्हा चालू करायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

पण तेवढ्यात तिचा फोन वाजला. धाकट्याने आईचे व्हिडिओ उघडायचा प्रयत्न केला होता आणि त्याला आत जाता आलं नव्हतं.

"ताई, हे आप्पांनी करायला लावलं ना?"

एक 'हो' पुरला असता... पण त्या एका शब्दाने बापलेक जन्माचे तुटतील, हे तिच्या व्याकूळ मनाने तत्क्षणी जाणलं.

"नाही. मीच केलं," ती म्हणाली.

त्यावर तो जे बोलला ते सगळं लिहवत नाही. तीन महिने आईच्या उशाशी बसलेल्या बहिणीला तो म्हणाला, की तू आईची मालकीण होऊन बसलीस! ताईचे भरलेले डोळे पाहून आप्पांना दया येण्याऐवजी चीडच आली. सगळ्या कटकटीचं मूळ हा डबा आहे, असं म्हणत त्यांनी वायर खसकन उपटली आणि ते तरातरा बाहेर निघून गेले.

ताईने डोळे पुसून वायर पुन्हा लावली. मशीन सुरू झालं आणि भावाचं नाव यादीत जिथल्या तिथे होतं.

पुढचे सहा महिने त्या घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. आप्पांना तिच्या हातचं काही म्हणता काही पटेना. धाकटा तिचा फोन उचलेना, नातेवाइकांत मात्र तिच्या नावाने खडे फोडी, आणि ते नातेवाईक फोन करून तिलाच शहाणपण शिकवीत! ती निमूटपणे दर आठवड्याला आईच्या व्हिडिओंच्या प्रती काढत राहिली. त्यातला एकही उघडून बघायचा तिला धीर झाला नव्हता.

मग एका सकाळी धाकटा दारात उभा राहिला. दार उघडणाऱ्या ताईकडे न बघता तो तिला ओलांडून सरळ आप्पांसमोर गेला.

"आप्पा, जिथे जिथे जहाज लागलं तिथे मी आईला बघत होतो. हिने मला काढलं, तुम्ही परत घेतलंत. तुम्ही माझं तोंडही बघणार नाही असं वाटलं होतं मला..."

आप्पा गोंधळले. त्यांनी ताईकडे पाहिलं, तर ती मान हलवून विनवत होती, की काही बोलू नका. आणि न बोलणं किती सोपं होतं! मुलगा घरी आला होता, आणि जिच्या माथी दोष बसला होता तिची काही तक्रार नव्हती. आप्पांनी दोनदा घसा खाकरला.

"मी नाही," ते म्हणाले. "काढायला मी लावलं. परत कुणी घेतलं ते हिला विचार."

तेव्हा ताईला सगळं सांगावंच लागलं. बदल जतन केला नव्हता, आणि वायर आप्पांनीच उपटली होती, त्यामुळे आप्पांनी परत घेतलं हेही अगदीच खोटं नाही, असं ती हसायचा प्रयत्न करत म्हणाली. कुणीच हसलं नाही.

"मग फोनवर 'मीच केलं' का म्हणालीस?" धाकट्याने विचारलं.

"तू कुणावर तरी चिडणारच होतास. आप्पांवर चिडला असतास तर या घरात पुन्हा पाऊल टाकलं नसतंस."

"आणि तुझ्यावर चिडलो ते?"

"माझ्यावर तू लहानपणापासून चिडतोस. माझं काय जातंय..."

एवढं म्हणाली मात्र, आणि सहा महिने कोंडलेलं सगळं दुःख तिच्या डोळ्यांतून वाहू लागलं. धाकटा खाली मान घालून उभा राहिला. आप्पा हळूहळू तिच्याजवळ आले.

"आई हिचीही गेली होती रे," ते मुलाला म्हणाले. "आपण दोघं भांडत बसलो. हिला एकदाही कुणी विचारलं नाही."

मग ते तिच्या एका बाजूला बसले आणि धाकटा दुसऱ्या. तिचं रडून होईपर्यंत कुणीही उठलं नाही.